४४ किलो उतरवले, पोटावरची घडी मात्र राहिली

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३६, उंची १५८ सेंटीमीटर. चालणं आणि जेवणावर ताबा, एवढ्या दोन गोष्टींवर तुम्ही दोन वर्षांत ११२ किलोंवरून ६८ किलोंवर आलात. गेले चार महिने काटा तिथेच आहे. दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. आता खालच्या पोटावर कातडीची घडी लोंबते, दंडाखालीही सैल पडलंय, आणि पावसाळ्यात घडीच्या आतली कातडी सोलवटून आग आग होते. ती घडी जावी म्हणून तुम्ही दिवसाला ९०० कॅलरींवर राहताय. केस गळायला लागलेत, हिमोग्लोबिन ९.१ आलंय. तुम्ही विचारलंय की आणखी आठ किलो उतरवले तर घडी जाईल का, आणि जाणार नसेल तर एखादं क्रीम किंवा मशीन सुचवा, कारण ऑपरेशनचं नाव काढलं तरी घरात वाद होतो. त्यात मे महिन्यात भाचीचं लग्न आहे.

मी प्लास्टिक सर्जन आहे आणि १९ वर्षं नाशिकमध्येच प्रॅक्टिस करते. वजन उतरवून आलेल्या बायका-पुरुषांची सैल कातडी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तुम्हाला न तपासता तुमच्या पोटाबद्दल नेमकं सांगता येणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीवर आजच बोलायला हवं: हे ९०० कॅलरींचं जेवण थांबवा. आठ किलो उतरवले तरी घडी जाणार नाही. उलट ती आणखी रिकामी होऊन जास्त लोंबेल, आणि तुमच्या हातापायांतली ताकद मात्र जाईल.

असं का, ते सांगते. आपल्या कातडीच्या आतल्या थरात दोन प्रकारचे धागे असतात. कोलाजेनचे धागे मजबुती देतात आणि इलॅस्टिनचे धागे ताणलेली कातडी परत जागेवर आणतात. गरोदरपणात किंवा वजन वाढताना कातडी ताणली जाते. हा ताण काही महिन्यांचा असेल आणि वय कमी असेल, तर ती बरीचशी परत येते. पण दहा-बारा वर्षं ११० किलोंचं शरीर सांभाळलेल्या कातडीतले इलॅस्टिनचे धागे तुटलेले असतात, आणि मोठ्या वयात शरीर ते पुन्हा नीट विणत नाही. तुमच्या पोटावर पांढऱ्या चमकदार रेघा असतील तर त्या याच तुटण्याच्या खुणा आहेत. मुलांच्या शाळेच्या पँटचं इलास्टिक एकदा सैल झालं की कंबर बारीक होऊन उपयोग नसतो, ते बदलावंच लागतं. तसंच आहे हे.

कोणाची कातडी किती परत येईल हे मात्र एकसारखं नसतं. वय, आईवडिलांकडून आलेली कातडीची जात, किती किलो उतरले, ते अंगावर किती वर्षं होते, बाळंतपणं, उन्हातलं काम, तंबाखू, या सगळ्यांवर ते ठरतं. पंचवीस किलो उतरवलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीला मी बऱ्याचदा परत पाठवते, सांगते की वर्षभर काही करू नकोस. साठ किलो उतरवलेल्या पन्नाशीच्या बाईला तसं सांगितलं तर ती फसवणूक होईल. तुम्ही मधे कुठेतरी आहात. वजन स्थिर झाल्यावर साधारण वर्षभर, फार तर दीड वर्ष कातडी हळूहळू आक्रसत असते. तुमचे चारच महिने झालेत. म्हणजे आज जेवढी घडी दिसतेय त्यातली थोडी अजून कमी होऊ शकते. सगळी जाणार नाही, पण थोडी.

घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. सकाळी अंथरुणावर उताण्या झोपा, गुडघे वाकवा. बेंबीच्या खाली चार बोटांवर कातडी चिमटीत धरून वर उचला. ती तंबूसारखी सहज वर आली आणि चिमटीतली जाडी दोन-अडीच सेंटीमीटरच्या आत वाटली, तर हातात आलेली बहुतेक कातडीच आहे. चिमूट गुबगुबीत लागली, नीट धरताच आली नाही, तर खाली अजून चरबी आहे आणि तिच्यासाठी सावकाश वजन उतरवण्याला अर्थ आहे. त्याच स्थितीत डोकं उशीवरून थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं दाबून बघा. मधोमध दोन-तीन बोटं आत जातील अशी फट लागली, तर बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेले आहेत. खोकल्यावर तिथे किंवा सिझेरियनच्या वणाजवळ फुगा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. तसं असेल तर लग्नाची वगैरे वाट न पाहता दाखवून घ्या.

ही दुसरी तपासणी मी मुद्दाम सांगते आहे. 'पोट सुटलंय' म्हणून आलेल्या कितीतरी बायकांमध्ये कातडी थोडीच सैल असते आणि फुगवटा त्या फटीमुळे असतो. मग त्या मोबाईलवर बघून रोज दोनशे क्रंचेस मारतात आणि फुगवटा आणखी वाढतो. फट असेल तर व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच करा.

आता जेवणाबद्दल. शरीराला बाहेरून पुरेसं प्रथिन मिळालं नाही की ते स्वतःचे स्नायू मोडून खातं. स्नायू आटले की कातडीखालचा आधार आणखी जातो. दंड, मांड्या, पार्श्वभाग रिकाम्या पिशवीसारखे दिसायला लागतात, माणूस आरशात बघून म्हणतो अजून सैल झालं, आणि ताटातली आणखी एक पोळी कमी करतो. या चक्रात अडकलेल्या बायका मी दर महिन्याला बघते. केस गळणं हे त्याचंच लक्षण आहे. उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस जायला लागतात, म्हणून कारण आणि परिणाम यांचा संबंध चटकन लक्षात येत नाही.

तुमच्या वजनाला रोज साधारण ७५ ते ८० ग्रॅम प्रथिन लागेल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पावडरीचे महागडे डबे आणायची गरज नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीसेक ग्रॅम प्रथिन असतं. मोड आलेली मटकी, मसूर, दही, भाजलेले शेंगदाणे आहेतच. नाशिककरांना मी एवढंच म्हणते की मिसळ खायची तर तर्री कमी आणि मटकी जास्त घ्या, शेव बाजूला ठेवा. नागलीची भाकरी चांगली, कॅल्शियमसाठी तर उत्तमच, पण प्रथिनासाठी तिच्यासोबत पिठलं किंवा उसळ हवीच. हिमोग्लोबिन ९.१ म्हणजे स्पष्ट रक्तक्षय आहे. बाईचं ते किमान १२ असायला हवं. नुसत्या बीट-खजुरावर ते एवढं वर येत नाही. फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासून घ्या, आणि डॉक्टरांच्या सांगण्याने लोहाच्या गोळ्या सुरू करा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही सांगा. उद्या ऑपरेशन करा अगर करू नका, हे तुम्हाला हवंच आहे.

व्यायामात चालण्याला वजनांची जोड द्या. तुम्ही कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सहा किलोमीटर चालता म्हणालात, ते सोडू नका. पण चालण्याने दंड आणि खांदे भरत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस हलक्या डंबेल्सने किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांनी खांदे, पाठ, दंड, मांड्या यांचा व्यायाम करा आणि वजन हळूहळू वाढवा. कातडी याने घट्ट होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. तिच्याखालची जागा थोडी भरते, एवढंच. दंडांना आणि मांड्यांना त्याचा फायदा दिसतो, पोटाच्या घडीला जवळजवळ नाही.

क्रीम. कुठलंही क्रीम लोंबणारी कातडी वर ओढू शकत नाही. साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावलं तर कातडी मऊ राहते, खाज कमी होते, आणि तेवढ्यासाठी ते जरूर लावा. कोलाजेनची पावडर पोटात गेली की इतर प्रथिनांसारखीच पचून तिचे तुकडे होतात. ते तुकडे पत्ता शोधत तुमच्या पोटाच्या घडीकडे जात नाहीत. त्या पैशांत महिनाभराची अंडी येतात.

मशीनबद्दल जरा जास्त लिहिते, कारण यात लोकांचे पैसे जातात. रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा अल्ट्रासाऊंडची यंत्रं कातडीच्या आत उष्णता देतात, तिने कोलाजेन थोडं आक्रसतं. हनुवटीखाली, चेहऱ्यावर, किंचित सैल झालेल्या कातडीवर त्याचा काही परिणाम दिसतो. पण उभं राहिल्यावर जी घडी मांडीवर टेकते, तिच्यावर ते चालत नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या. एका क्लिनिकने त्यांना दहा बैठकांचं पॅकेज विकलं होतं, आणि घडी होती वीतभर. दहाही बैठका पूर्ण करून त्या आल्या, हातात आधीचे आणि नंतरचे फोटो होते. फोटोत फरक होता तो उभं राहण्याच्या कोनाचा. मला वाईट याचं वाटलं की पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यांना कातडी चिमटीत धरून दाखवायला हवी होती. तुम्हाला कोणी मशीन सुचवलं तर एकच विचारा: 'माझ्याइतकी लोंबणारी घडी असलेल्या पेशंटमध्ये फरक पडला, असं एक तरी उदाहरण दाखवता का?' नुसतं लायपोसक्शन करून देतो म्हणणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारा. त्यात चरबी ओढून घेतात. कातडी आधीच सैल असेल तर पिशवी आणखी रिकामी होते.

घडीच्या आतल्या जखमांना मात्र ऑपरेशनपर्यंत थांबायला नको. तिथे घाम साचतो, कातडीला कातडी घासते आणि बुरशी वाढते. नाशिकचा जून ते सप्टेंबर हा काळ तर त्यासाठी फारच वाईट. निफाडकडच्या एक ताई मला आठवतात. तपासताना त्यांनी घडी स्वतःच्या हाताने वर धरली, आतून जुन्या सुती साडीचा चौकोनी घडी घातलेला तुकडा काढला, टेबलाच्या कडेवर ठेवला, आणि म्हणाल्या, "द्राक्षाच्या बागेत दिवसभर उभं राहायचं तर हे लागतंच, दुपारी बदलते." आतली कातडी लालभडक होती, कडेला पांढरी सुटलेली. पण त्यांची कल्पना अगदी बरोबर होती. फक्त तुकडा दिवसातून एकदा बदलत होत्या, तो तीनदा बदलायला हवा होता, आणि आत लावत होत्या ते मलम चुकीचं होतं.

ते मलम मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं, बुरशीच्या औषधात स्टिरॉइड मिसळलेलं होतं. अशा मलमाने दोन दिवसांत खाज थांबते म्हणून माणसाला ते फार चांगलं वाटतं. महिनाभरात कातडी कागदासारखी पातळ होते, त्यावर नव्या रेघा उमटतात आणि नायटा कंबरेपर्यंत पसरतो. मग साधी औषधंही लवकर लागू पडत नाहीत. तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही लिहिलंय का बघा. असेल तर ती बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रोजचं काम साधं आहे: आंघोळीनंतर घडी वर धरून आतली जागा टिपून कोरडी करायची, घासायची नाही. केस वाळवायचं यंत्र असेल तर त्याची गार हवा द्यायची. मग मलमलचा किंवा जुन्या सुती कापडाचा धुतलेला तुकडा आत ठेवायचा आणि ओला झाला की बदलायचा. टाल्कम पावडर नको. घामात तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. आतले कपडे उन्हात वाळवा, पावसाळ्यात इस्त्री करा. जखमा पुन्हा पुन्हा होत असतील तर रक्तातली साखरही तपासा. प्रत्येक वेळी डॉक्टरांकडून त्याची नोंद करून घ्या आणि फोटो तारखेसह जपून ठेवा. ते कशासाठी, हे पुढे येईल.

आता ऑपरेशन. घरच्यांच्या विरोधाला मी चूक म्हणणार नाही. हे जीव वाचवायचं ऑपरेशन नाही, पूर्ण भूल द्यावी लागते, आणि धोके खरे आहेत. पण 'हे नवीन फॅड आहे' असं कोणी म्हणत असेल तर त्यांना सांगा की लोंबणाऱ्या पोटाची कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेची नोंद हॉवर्ड केली या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १८९९ मध्येच केली होती. एका पेशंटच्या सासूबाईंनी मला विचारलं होतं, 'आत प्लास्टिक बसवणार का?' प्लास्टिक हा शब्द इथे घडवणं, आकार देणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. बाहेरचं काही आत बसत नाही. त्यांची शंका अगदी रास्त होती आणि ती विचारल्यामुळेच त्यांचा निम्मा विरोध गेला. घरच्यांना भेटीला सोबत घेऊन जा, त्यांना विचारू द्या.

ऑपरेशनमध्ये साधारण असं होतं. सिझेरियनच्या वणाच्या जवळून, पण एका कुल्ल्यापासून दुसऱ्या कुल्ल्यापर्यंत लांब छेद घेतात. कातडी आणि चरबीचा थर बरगड्यांपर्यंत सुटा करतात. स्नायूंमध्ये फट असेल तर ती टाक्यांनी शिवून घेतात. मग तो थर खाली ओढून जास्तीचा भाग कापून टाकतात. बेंबी आपल्या जागीच असते, तिच्यासाठी वरच्या कातडीत नवं भोक पाडून ती बाहेर घेतात. आत पाणी साचू नये म्हणून दोन नळ्या ठेवतात. तीन-चार तास लागतात, दोन-तीन दिवस दवाखान्यात राहावं लागतं. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी आम्ही चालवतोच. ती गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. पहिला आठवडा-दहा दिवस कंबरेत वाकून चालावं लागतं. नळ्यांतून येणारं पाणी दिवसाला तीसेक मिलीलीटरच्या खाली आलं की त्या काढतात. घट्ट पट्टा सहा आठवडे. पाण्याची कळशी, गॅसची टाकी, झोपलेलं मूल, यांतलं काही सहा आठवडे उचलायचं नाही. घरात कामाला दुसरं कोणी नसेल तर हे आधी ठरवा, मगच तारीख घ्या. टाके उसवून आलेल्या बऱ्याच बायका तिसऱ्या आठवड्यात 'आता बरं वाटतंय' म्हणून कपड्यांची बादली उचललेल्या असतात.

या सगळ्याच्या बदल्यात मिळतं काय, ते नीट समजून घ्या. घडी जाते आणि तिच्या जागी एक लांब वण येतो. तो सहा-आठ महिने लालसर, टणक असतो आणि दीड वर्षात फिका होतो. पूर्ण जात नाही. आपल्या सावळ्या कातडीत वण काळसर पडण्याची किंवा गाठाळ होण्याची शक्यता गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असते. सिझेरियनचा तुमचा वण कसा भरला, हे बघून थोडा अंदाज येतो. तो पातळ आणि सपाट असेल तर चांगली खूण आहे. बेंबीखालची जागा कित्येक महिने बधिर राहते. पाणी साचणं, जखमेची कड उघडणं, संसर्ग होणं, हे आमच्याकडेही होतं, आणि वजन खूप उतरवलेल्यांत इतरांपेक्षा जास्त होतं. 'आमच्याकडे असं काही होतच नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरपासून लांब राहा. एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी आहे का, भूल देणारे डॉक्टर कोण, रात्री काही झालं तर अतिदक्षता विभाग आहे का, हे विचारायला लाजू नका.

जखम उघडण्याचं एक उदाहरण माझ्याच हातचं आहे. सिन्नरकडच्या काकू, वय ५२. मी विचारलं, तंबाखू खाता का? त्या 'नाही' म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. त्या मिश्री लावायच्या, दिवसातून चार वेळा. मिश्री हा शब्द मी उच्चारला नव्हता, आणि त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे, दात घासायची पूड. निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि या ऑपरेशनमध्ये खाली ओढलेल्या कातडीची मधली कड तशीही कमी रक्तावर जगत असते. आठव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तेव्हा बेंबीखाली मधोमध तळहाताएवढी जागा काळी पडली होती. ती भरायला नऊ आठवडे लागले. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण चूक माझ्या प्रश्नाची होती. तेव्हापासून मी विडी, सिगरेट, गुटखा, तंबाखू आणि मिश्री, असे पाच वेगळे प्रश्न विचारते, आणि यांतलं काहीही चालू असेल तर किमान सहा आठवडे बंद केल्याशिवाय तारीख देत नाही. तुम्ही लावत असाल तर न लाजता सांगा.

तुमच्या हिमोग्लोबिनवर आणि तुमच्या सध्याच्या जेवणावर कुठल्याही जबाबदार सर्जनने तुम्हाला आज टेबलावर घेऊ नये. वजन किमान सहा महिने स्थिर हवं, मी स्वतः वर्ष पसंत करते. नंतर वजन पुन्हा आठ किलो उतरलं तर घट्ट केलेली कातडी पुन्हा सैल पडते, आणि वाढलं तर ताणली जाते. आणखी मूल हवं असेल तर ते आधी. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २७ च्या आसपास आहे. आपल्याकडच्या मोजमापाने तो अजून जास्तच म्हणायचा, पण या ऑपरेशनसाठी ही अडचण नाही. बेरियाट्रिक, म्हणजे जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून वजन उतरवलेल्या वाचणाऱ्यांनी त्या शस्त्रक्रियेपासून दीड वर्ष थांबावं, आणि त्यांनी बी-१२ व लोह तर तपासायलाच हवं.

दंड आणि पोट एकदम करायचं का? बऱ्याचदा वेगवेगळं केलेलं बरं, मधे तीन-चार महिने ठेवून. आणि सगळं करायलाच हवं असंही नाही. अंबडच्या कारखान्यात काम करणारे एक भाऊ बेरियाट्रिकनंतर पन्नासेक किलो उतरवून आले होते. पोट, छाती, मांड्या, सगळीकडे सैल. मी विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा? बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, दर श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करतो, पण कुशावर्त कुंडात अंगातला शर्ट काढून उतरलो नाही, बारा वर्षं झाली. आम्ही फक्त छाती केली. पोटाची घडी आजही तशीच आहे, ते तिच्याबद्दल बोलत नाहीत. तुम्हीही स्वतःला हा प्रश्न विचारा. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं तुमचं उत्तर पोट आहे, कारण तिथे दुखतं आणि सोलवटतं. दंड दिसतात, पण त्रास देत नाहीत. दंडाच्या ऑपरेशनचा वण काखेपासून कोपरापर्यंत हाताच्या आतल्या बाजूने येतो, आणि तो पोटाच्या वणासारखा साडीत लपत नाही.

खर्चाचा आकडा मी इथे देत नाही, कारण पोट बघितल्याशिवाय दिलेला आकडा दिशाभूल करतो. लेखी अंदाजपत्रक मागा: सर्जन, भूल, थिएटर, खोली, औषधं, पट्टा आणि जीएसटी धरून. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. पण तब्येतीला थेट धोका असल्याने ती वैद्यकीयदृष्ट्या गरजेची आहे, असं डॉक्टर लेखी देत असतील, तर नियमात तिला जागा आहे. वारंवार झालेल्या जखमांची नोंद आणि फोटो जपा म्हटलं ते यासाठी. दावा मंजूर होईलच असं नाही, अनेकदा नाकारला जातो. हर्निया निघाला तर त्या भागाचं वेगळं विचारा. ऑपरेशनच्या आधीच कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण तुमच्या पत्रात ती दिसते. तुम्ही लिहिलंय की 'जाऊबाई म्हणतात, थोडं वजन वाढव, भरून निघेल,' आणि पुढच्याच ओळीत की आरशात अजून पूर्वीचीच दिसते. माझ्या केबिनमध्ये दोन खुर्च्या आहेत, एक हातांची, एक बिनहातांची. चाळीस-पन्नास किलो उतरवलेली माणसं बिनहातांचीच खुर्ची ओढतात आणि तिच्याही कडेवर बसतात. हातांच्या खुर्चीत आपण आता सहज मावतो हे डोक्याला कळायला शरीरापेक्षा जास्त वेळ लागतो. लोंबणारी घडी हाताला लागते तेव्हा मन म्हणतं, बघ, गेलं नाही. पण गेलंय, ताई. काट्यावर जे ६८ दिसतंय त्यातसुद्धा दोन-तीन किलो ही नुसती घडी असू शकते. याचा त्रास रोजचा झाला असेल, आरसा टाळत असाल, जेवताना अपराधी वाटत असेल, तर समुपदेशकांशी बोला. ऑपरेशन झालं तरी हे आपोआप जात नाही.

आता मे महिन्यातलं लग्न. लग्नाच्या तारखेला धरून हे ऑपरेशन करू नका. समजा, हिमोग्लोबिन वर यायला जानेवारी उजाडला आणि तुम्ही फेब्रुवारीत ऑपरेशन केलंत, तर लग्नात वण लाल असेल, पोटावर सूज असेल, आणि त्याआधी एप्रिलच्या चाळीस अंशांकडे जाणाऱ्या उन्हाळ्यापर्यंत तो घट्ट पट्टा अंगावर. मी अशा पेशंटना शक्यतो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घेते. नाशिकच्या थंडीत पट्टा सुसह्य होतो आणि घाम नसल्याने टाके कोरडे राहतात. तुम्ही पुढच्या थंडीचा विचार करा. तोपर्यंत वजन स्थिर होऊन दीड वर्ष होईल, कातडी जेवढी आक्रसायची तेवढी आक्रसलेली असेल, रक्त भरून निघालेलं असेल, आणि कदाचित तेव्हा तुम्हीच म्हणाल की घडीसह चालतंय. तेही चालेल.

लग्नासाठी कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज शिवून घ्या. माप आत्ता देऊ नका, एप्रिलमध्ये द्या, कारण नीट जेवायला आणि डंबेल्स उचलायला लागलात की खांदे भरतील. साडीखाली घडी सांभाळायला मऊ, उंच कंबरेचा सुती शेपवेअर मिळतो. तो चार-पाच तासांवर घालू नका आणि आत मलमलचा तुकडा विसरू नका. फेरिटिन आणि बी-१२ चे रिपोर्ट आले की इथेच लिहा, मी बघते.